माळ्यावरचा डबा आणि शून्य नक्ष्या

आधी काय आणि मग काय, याचं भान हाच संस्कृतीचा पाया होय. ते भान सुटलं की साम्राज्यं कोसळतात. साम्राज्यांबद्दल मी ऐकीव माहितीवर बोलतो आहे. डोळ्यांनी पाहिलं ते सोलापुरातल्या यंत्रमागवाल्यांच्या एका मंडळात. तिथं साम्राज्य म्हणावं असं जे होतं ते एवढंच: खालच्या खोलीत एक कॉम्प्युटर, माळ्यावर पाण्याच्या टाकीशेजारी एक काळा डबा आणि दोघांना जोडणारी, जिन्याच्या कठड्याला सुतळीनं बांधलेली एक निळी वायर.

मी पॉलिटेक्निकात कॉम्प्युटर शिकवत असे. निवृत्तीनंतर घरच्यांना माझा फार सहवास घडू लागला, तेव्हा त्यांनीच मला या मंडळाकडे पाठवलं. मंडळाचं काम मात्र खरोखर चांगलं होतं. चादरीवरचा मोर कापडावर येण्याआधी ग्राफपेपरवर येतो. नक्षीकार एकेका चौकटीत रंग भरत जातो, त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडतात आणि मग माग त्या भोकांच्या हुकमावर मोर विणतो. असे जुने कागद विणकरांच्या घरांत पत्र्याच्या ट्रंकांमध्ये पडून होते. मंडळानं ते मागून आणले, त्यांचे फोटो घेतले आणि नोंदी केल्या.

मंडळानं केल्या असं म्हणायची पद्धत आहे. केल्या अक्कांनी. अक्का म्हणजे मंडळाच्या एकमेव कारकून, पन्नाशी ओलांडलेल्या. घरी तेलुगू, शाळेत मराठी आणि रागावल्यावर दोन्ही. त्यांचे वडील नक्षीकार होते. सहा वर्षं त्या एकेक कागद समोर घेऊन बसल्या: कुणी काढला, कुठल्या शेडवर विणला, रंग किती, घरात त्या नक्षीला काय म्हणायचे. चार हजारांवर नोंदी झाल्या. कागद परत ज्याच्या त्याच्या घरी गेले आणि बऱ्याच घरांतून पुढं रद्दीत गेले. त्यामुळे कुठली नक्षी कुणाची, हे सांगणारं जगात एकच ठिकाण उरलं होतं: अक्कांच्या नोंदींचा डेटाबेस.

तो डेटाबेस चालायचा खालच्या कॉम्प्युटरवर; त्याच्या फायली मात्र माळ्यावरच्या डब्यात होत्या. डब्यात दोन डिस्का होत्या, एक गेली तरी दुसरी राहील अशा, म्हणून मीच ते तसं मांडलं होतं. अध्यक्षांनी भाषणात या डब्याचा उल्लेख ‘क्लाउड’ असा केला. टाकी भरून वाहिली तर क्लाउड भिजेल, ही भीती आम्हाला कायम असे.

रोज संध्याकाळी सगळं बंद व्हायचं आणि सकाळी शिपाई मामा सगळं चालू करायचे. मामा वळसंगहून पहिल्या एसटीनं येत. उमेदीची वर्षं त्यांनी मागाच्या शेडमध्ये काढली होती. त्यांचा क्रम ठरलेला होता. आधी माळ्यावर जाऊन डब्याचं बटण. मग खाली येऊन झाडलोट, पिण्याच्या पाण्याचा पिंप, फोटोसमोर उदबत्ती. मग पुन्हा एकदा माळ्यावर जाऊन डब्याकडे बघून यायचं. मग कॉम्प्युटरचं बटण. मला हे सगळं वेळखाऊ वाटायचं. एवढ्या चकरा मारण्यापेक्षा एकाच बटणावर सगळं चालू झालं तर काय वाईट, असं मी एकदा बोलून गेलो.

माझं दुर्दैव असं की ते अध्यक्षांनी ऐकलं.

अध्यक्ष सद्गृहस्थ आहेत. कुठलीही गोष्ट फीत कापल्याशिवाय सुरू झाली असं त्यांना वाटत नाही, एवढाच दोष. ‘एक कळ’ हे नाव त्यांनीच दिलं. भिंतीवर एक मोठा लाल स्विच बसवला, डबा आणि कॉम्प्युटर दोन्ही त्याच्यावर घेतले. वीज आली की आपोआप चालू व्हायचं, असं मी दोघांनाही सांगून ठेवलं. रविवारी समारंभ झाला. अध्यक्षांनी हा क्षण ऐतिहासिक असल्याचं सांगून कळ दाबली. डबा आणि कॉम्प्युटर सकाळपासूनच चालू होते, कारण ऐन वेळी फजिती नको म्हणून मी त्यांच्या वायरी तेवढ्यापुरत्या दुसरीकडे लावल्या होत्या. कळ दाबल्यावर पेटली ती फक्त झेंडूच्या माळेत गुंफलेली दिव्यांची माळ. टाळ्या भरपूर पडल्या. सगळे पांगल्यावर मी त्या वायरी पुन्हा लाल स्विचवर आणल्या.

सोमवारी साडेनऊला अक्कांचा फोन आला.

“सर, शून्य दाखवतंय.”

“काय शून्य?”

“एकूण नक्ष्या. शून्य. एमी लेदू, काहीच नाही हो. मोर नाही, कोयरी नाही, काही नाही.”

मी रिक्षानं गेलो. अक्का खुर्ची मागं सरकवून हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या, माऊसला चुकूनही हात लागू नये म्हणून. पडद्यावर खरंच शून्य होतं. कॉम्प्युटर शिकवणारा माणूस अशा वेळी जे करतो तेच मी केलं: कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. सगळ्या नक्ष्या परत आल्या. मी वायर हलवून बघितली आणि निदान दिलं, “कनेक्शन ढिलं होतं.” इतक्या आत्मविश्वासानं दिलं की मलाही ते पटलं.

मंगळवारी मी जेऊरला लग्नाला गेलो होतो. हळदीच्या मांडवात फोन वाजला. पुन्हा शून्य.

“अक्का, आज कशालाच हात लावू नका. डेटा कुठं पळून जात नाही. मी गुरुवारी येतो.”

“गुरुवारपर्यंत मी काय करू?”

“काही करू नका.”

सहा वर्षांचं काम समोर शून्य झालेलं असताना काही करू नका, हे जेऊरच्या मांडवातून सांगायला सोपं असतं. अक्कांना ते झेपलं नाही. त्यांनी घरून वडिलांची वही आणली. वडिलांच्या नक्ष्या त्यांना पाठ होत्या, म्हणून सुरुवात तिथून केली. संध्याकाळपर्यंत त्यांनी चाळीस नोंदी नव्यानं भरल्या.

बुधवारी सकाळी पडद्यावर आकडा होता चाळीस.

आणि नेमके त्याच सकाळी अध्यक्ष पाहुण्यांना ‘एक कळ’ दाखवायला आले. चार हजारांच्या जागी चाळीस, आणि त्या चाळीसच्या चाळीस नक्ष्यांवर नक्षीकार म्हणून एकच नाव: अक्कांच्या वडिलांचं. अक्का सांगत राहिल्या की काल शून्य होतं आणि या मी काल बसून भरल्या. पाहुण्यांसमोर कुणी ऐकलं नाही. दुपारी त्यांना मंडळाच्या शिक्क्याचं पत्र मिळालं. इतर घराण्यांच्या नक्ष्या काढून टाकून स्वतःच्या घराण्याच्या तेवढ्या राखल्याचं प्रथमदर्शनी दिसतं, गुरुवारी अकरा वाजता अध्यक्षांसमोर लेखी खुलासा करावा, अन्यथा कामावरून कमी करण्यात येईल.

हे मला बुधवारी संध्याकाळी जेऊरच्या स्टेशनावर गाडीची वाट बघताना अक्कांनी फोनवर वाचून दाखवलं. आवाज शांत होता. शेवटी म्हणाल्या, “सर, नोकरी जाऊ दे. पण गावात लोक म्हणतील, हिनं सगळ्यांचे मोर पुसले आणि बापाचे ठेवले. मी कुणाच्या दारात जाऊ?”

त्यातल्या बऱ्याच दारांतून कागद त्यांनीच हात जोडून आणले होते.

गुरुवारी साडेआठलाच मी मंडळात पोचलो. या वेळी काहीही न करता फक्त बघायचं ठरवलं होतं. शिकवण्याच्या पेशात ही सवय सहसा लागत नाही. अक्का आल्या होत्या. मामा आले, चप्पल काढली, लाल स्विच खाली केला आणि हात झटकले.

“झालं?” मी विचारलं.

“झालं की. आता मला कामच न्हाय. हितं बसू का घरी जाऊ, सांगा.”

“माळ्यावर नाही जात?”

“कशाला जाऊ? तुमीच म्हनला एक कळ. म्हातारपनी पायाला आराम दिला तुमी.” मग अक्कांकडे बघून म्हणाले, “अक्कांच्या डोक्याला ताप दिला ती गोष्ट येगळी.”

पडद्यावर चाळीस आलं. मी घड्याळ बघितलं: स्विच पाडून एक मिनिटही झालं नव्हतं. तसाच उठलो आणि माळ्यावर गेलो. डब्याचा दिवा लुकलुकत होता, आतून डिस्का फिरल्याचा बारीक आवाज येत होता. डबा अजून जागा होत होता. मी तिथंच टाकीला टेकून उभा राहिलो. जवळजवळ पाच मिनिटांनी दिवा स्थिर झाला.

मी खाली उतरायला लागलो. जिन्याच्या अर्ध्यात असतानाच मला सगळं दिसलं होतं, फक्त शब्द सापडत नव्हते. ते मामांनी दिले.

“सायेब, एक इचारू का? तुमी लई शिकल्याली मानसं. पन शेडमदी आमी पैल्यांदा मोटर लावायचो. शाफ्ट फिराय लागला की मग मागाचा पट्टा चढवायचा. शाफ्ट उभा असताना पट्टा चढवून माग हानला तर कापड निगल का?”

“हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?”

“तुमी इचारलं कुटं?”

अक्कांना मी जे सांगितलं ते असं. डेटाबेस म्हणजे एक अतिशय कामसू कारकून आहे असं समजा. तो सकाळी येतो, कपाट उघडतो आणि रजिस्टर काढून कामाला बसतो. कपाट माळ्यावर आहे. मामा आधी माळ्यावर जायचे, म्हणून कारकून येईपर्यंत कपाट जागेवर असायचं. एक कळ आल्यापासून कारकून आणि कपाट एकदमच निघतात. कारकून मिनिटात पोचतो, कपाटाला पाच मिनिटं लागतात. कारकुनाला कपाटाच्या जागी मोकळी भिंत दिसते. तो घाबरत नाही, कुणाला विचारत नाही. आपली नेमणूक नव्याच कचेरीत झाली असं समजून तो कोरी वही घेतो, पहिल्या पानावर श्री लिहितो आणि म्हणतो, एकूण नक्ष्या शून्य. मागाहून कपाट येऊन त्याच्या पाठीशी उभं राहतं, पण तो मान वर करत नाही. वही उघडलेली असते ना.

“म्हणजे माझ्या नक्ष्या?”

“कपाटात आहेत. पहिल्यापासून. सोमवारी मी कॉम्प्युटर बंद-चालू केला तेव्हा डबा चालूच होता, कपाट जागेवर होतं, म्हणून परत दिसल्या. वायरचा काही संबंध नव्हता.”

“आणि माझ्या चाळीस?”

“त्या कोऱ्या वहीत. डब्यातली जागा जोडली गेली की ती वही झाकली जाते. अंथरलेल्या चादरीवर दुसरी चादर टाकावी तशी.”

अक्का म्हणाल्या, “दाखवा.”

साडेनऊ वाजले होते. मी डेटाबेस थांबवला. डब्याशी असलेली जोडणी सोडवली, म्हणजे वरची चादर उचलली. खाली कॉम्प्युटरच्या स्वतःच्या डिस्कवर त्याच नावाची जागा होती आणि त्या जागेत ताज्या फायली होत्या, सोमवारच्या तारखेनं सुरू झालेल्या. मी त्या बाजूला काढून ठेवल्या. चादर परत टाकली, डेटाबेस चालू केला. पडद्यावर चार हजारांवरचा तो ओळखीचा आकडा आला.

अक्कांनी शोधाच्या चौकटीत एका नक्षीचं नाव टाकलं, मग दुसऱ्या घराण्याच्या, मग तिसऱ्या. प्रत्येक नक्षी आली की मान हलवायच्या, हजेरी घेतल्यासारखी. दहाबारा घराणी झाल्यावर त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि लगेच म्हणाल्या, “उद्या सकाळी पुन्हा शून्य येणार नाही कशावरून?”

हा प्रश्न माझ्या एकाही विद्यार्थ्यानं मला कधी विचारला नव्हता.

खरं काम आता होतं. वीज आली की कॉम्प्युटर कुठली सेवा कधी सुरू करतो, हे त्याला लिहून द्यावं लागतं. डेटाबेसच्या सेवेच्या फायलीत मी एक ओळ लिहिली: नेटवर्क आल्यानंतर सुरू हो. मग लाल स्विच वर केला, पुन्हा पाडला. तिघं पडद्याकडे बघत बसलो. कारकून कोरी वही घेऊन हजर: शून्य. नेटवर्क म्हणजे वायर. वायर दहा सेकंदांत जागी होते. रस्ता तयार झाला म्हणून कपाट पोचलं असं होत नाही.

पावणेदहा. मग मला एक स्वस्त युक्ती सुचली, ती मी मोठ्यानं बोललो. “सरळ सांगतो त्याला, पाच मिनिटं थांबून सुरू हो.”

मामा हसले. “घड्याळ बगून पट्टा चढवायचा? थंडीत मोटर जड जात्या सायेब. शाफ्ट बगायचा, घड्याळ न्हाय.”

ते बरोबर होते. डबा कधी कधी स्वतःची तपासणी करतो, तेव्हा त्याला पंधरा मिनिटंही लागतात. मी ती ओळ खोडली आणि दोन लिहिल्या. पहिली: डब्यातली जागा जोडली गेल्यानंतरच सुरू हो. दुसरी: ती जागा जोडलेली नसेल तर सुरूच होऊ नको. डब्याची जोडणी करणाऱ्या सेवेला वेगळं बजावलं की डबा लगेच सापडला नाही म्हणून हार मानायची नाही. आणि चादरीखालच्या जागेला कुलूप घातलं, तिथं कुणालाही काही लिहिता येऊ नये असं. कारकून कितीही उत्साही असला तरी त्याला कोरी वही मिळता कामा नये.

स्विच वर केला. पाडला.

माझ्या नोकरीत मी परीक्षेचे निकाल लावले आहेत, मुलीच्या बारावीच्या निकालाची वाट पाहिली आहे. पण ती पाच मिनिटं वेगळी होती. पडद्यावर ‘सेवा सुरू नाही’ एवढंच होतं. ते वाचून इतका आनंद मला पूर्वी कधी झाला नव्हता. नाही आहे तर नाही म्हण, शून्य म्हणू नकोस, एवढीच तर अपेक्षा होती. मामा न सांगता माळ्यावर गेले आणि तिथून आवाज देऊ लागले.

“अजून लुकलुकतंय.”

“बरं.”

“लुकलुकतंय अजून.”

“मामा, थांबलं की सांगा.”

“मग तवर गप बसू व्हय?”

अक्कांनी टेबलाची कड धरली होती. मी उगाच चष्मा पुसत होतो. मग वरून मामांचा आवाज आला, “थांबलं,” आणि मोजून सात-आठ सेकंदांनी पडद्यावरची ओळ बदलली. पूर्ण आकडा, एकही कमी नाही. मी पुन्हा स्विच वर केला, पुन्हा पाडला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी थोडा वेडेपणा केला: डब्याची वायर काढून ठेवली. कारकून सुरूच झाला नाही. वायर लावल्यावर मी डेटाबेसला हाक मारली आणि तो मुकाट्यानं खरं रजिस्टर घेऊन आला. मी अक्षरशः टाळी वाजवली. अक्का हसल्या, त्या आठवड्यात पहिल्यांदाच.

अकरा वाजता अध्यक्ष आले. अक्कांनी लेखी खुलाशाऐवजी पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यांनी स्वतःच्या आजोबांची नक्षी शोधायला सांगितली. ती आली. त्यांनी ती बराच वेळ बघितली.

“म्हणजे तांत्रिक बिघाड होता.”

“नाही,” मी म्हटलं. “यंत्रं सांगितल्याप्रमाणे चालली. सांगण्यात चूक होती, आणि सांगणारा मी होतो. मामा रोज करत होते ते बरोबर होतं. ते बंद करून मी एक कळ बसवली. अक्कांनी एकही नोंद पुसलेली नाही. चाळीस त्यांनी भरल्या, त्याही हरवलेल्या आहेत असं वाटून, आणि पाठ होत्या त्याच आधी भरल्या.”

अध्यक्ष म्हणाले, “तसं लिहिता येणार नाही. उद्‌घाटन माझ्या हस्ते झालं आहे.”

“मग माझ्या हस्ते चूक झाली असं लिहा.”

अक्का म्हणाल्या, “साहेब, तुम्हाला काय लिहायचं ते लिहा. बुधवारचं पत्र मात्र परत घ्या. तोंडी नको, शिक्क्यानं दिलंय तर शिक्क्यानं घ्या. मला ते दाखवत दारोदार जायचंय.”

आवाज चढवलेला नव्हता. अध्यक्षांनी खिशातून पेन काढलं, हे मी त्यांच्या बाजूनं नोंदवून ठेवतो. लाल स्विच राहिला. आता तो एकटा पाडला तरी चालतो. मामा तरीही माळ्यावर जाऊन डब्याकडे बघून येतात, आणि मी त्यांना आता वेळ वाया जातो असं म्हणत नाही.

अक्कांना तासाभरात दुसरं पत्र मिळालं. त्यात मंडळाच्या उज्ज्वल परंपरेचा उल्लेख दोनदा होता, कर्तव्यनिष्ठेचा एकदा, आणि तिसऱ्या परिच्छेदात आधीचं पत्र रद्द समजावं असं वाक्य होतं. खाली अध्यक्षांची सही, गोल शिक्का. शिक्का मारून झाल्यावर जावक रजिस्टरमध्ये त्याची नोंद करायची होती, आणि मंडळात कारकून एकच असल्यानं ती अक्कांनीच केली: अनुक्रमांक, तारीख, पत्र कुणास. विषयाच्या रकान्यात काय लिहू, असं त्यांनी विचारलं. अध्यक्षांनी सांगितलं, “किरकोळ.”